हॉपर डोक्यावर नको!

पेंटबॉलच्या बंदुकीला खेळाडू ‘मार्कर’ म्हणतात. १९८१ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमध्ये पहिला डाव झाला. तेव्हाची ‘नेल्स्पॉट ००७’ मुळात झाडांवर व गुरांवर रंगाची खूण करण्यासाठीच होती. तिच्या आडव्या नळीतील गोळी पुढे सरकावी म्हणून दर वेळी बंदूक तिरपी करावी लागे. पुढे वर हॉपर आला, गोळ्या आपोआप खाली पडू लागल्या, आणि सगळे खूष झाले.

मी मात्र खूष नाही. आडोशाआडून आपले डोके दिसण्यापूर्वीच हॉपर दिसतो, आणि पुष्कळ ठिकाणच्या नियमांप्रमाणे बंदुकीवर गोळी फुटली तरी गडी बाद! म्हणून बाजूचा फीड बरा. त्यात बॅटरीवर चालणारा ‘वार्प फीड’ गोळ्या नळीतून ढकलतो, त्यामुळे हॉपर खालीही नेता येतो. पण सावकाश गोळी झाडणाऱ्या माझ्यासारख्याने बॅटरीचे लोढणे का बाळगावे? मला साधी वाकडी नळीच पुरते. फक्त ती नेम धरणाऱ्या डोळ्याआड येता कामा नये.

बसवताना आधी गॅसची टाकी काढावी, उरलेला दाब सोडावा, नळीच्या तोंडावर टोपण घालावे. डोळ्यांवरचा चष्मा तोवर उतरवूच नये. याबाबत मी कोणाशी वादही घालत नाही. मी पहिल्यांदा पकड इतकी आवळली की नळी चेपली आणि गोळी आतच फुटली. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर जिलेटिनचे कवच ओल धरून फुगते. म्हणून आता बसवण्यापूर्वी एक गोळी हाताने नळीतून सोडून पाहतो. अडकली, की पुन्हा पाना हाती!