कुलपातले विज्ञान

आपल्या अनेक माध्यमिक शाळांत प्रयोगसाहित्याच्या कपाटाला कुलूप असते आणि प्रयोगांची ‘निरीक्षणे’ मुले फळ्यावरून उतरवून घेतात. वर, मुलांना विज्ञानाची गोडी नाही अशी तक्रार होते! ही तक्रार किती पोकळ आहे, हे मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्याने दाखवून दिले. १९७२ साली तेथील १६ शाळांत सहावी ते आठवीची मुले चौघाचौघांचे गट करून स्वतः प्रयोग करू लागली, निष्कर्षांवर वाद घालू लागली. परीक्षेतही पुस्तक उघडण्याची मुभा होती. पुढे शेकडो शाळांत पसरलेला हा उपक्रम २००२ साली राज्य शासनाने बंद केला.

पाठांतराच्या शर्यतीत शिकवणीचे पैसे मोजणाराच पुढे जातो. गटात मात्र एकाला उमगलेले तिघांना समजावून द्यावे लागते, आणि समजावताना ते त्यालाही नव्याने उमगते. ज्ञान वाटल्याने वाढते, हे तेथे निव्वळ सुभाषित राहत नाही. सहावीच्या मुलांना जे साधले, ते नववी-दहावीच्या मुलांना का साधू नये?

कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या पालकसभेत एवढेच विचारावे : हे कपाट शेवटचे कधी उघडले होते?