केस स्टडीतलं आमचं दुकान

लेक एमबीए करतेय. परवा सुट्टीत आली, तर स्ट्रॅटेजीची असाइनमेंट घेऊनच. केस कोडॅकची. १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला याच कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने, आणि २०१२ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली. लेकीने लिहिलं, 'व्यवस्थापनाला दूरदृष्टी नव्हती.' झालं, एका ओळीत निकाल!

मी भाजी निवडत होते, हात थांबला. म्हटलं, अगं, तुझ्या बाबांचा फोटो स्टुडिओ होता. तू पाळण्यात होतीस तेव्हा. डिजिटल येतंय हे त्यांनाही दिसत होतं की! पण घर चालायचं रोल धुण्यावर, वर कलर मशीनचे हप्ते बाकी. चालता धंदा आपल्याच हाताने मोडायचा कसा? कोडॅकचीही खरी कमाई फिल्मवरच होती.

मैत्रिणींनो, शेवट ठाऊक असला की शहाणपण सुचतंच. मला विचाराल तर केसचं शेवटचं पान मुलांना देऊच नये. पगार, हप्ते, रोजची विक्री मांडायला लावावी आणि मग विचारावं, आता बोला.

लेकीने ती ओळ खोडली. म्हणाली, "आई, बाबांच्या हिशेबाच्या वह्या कुठे आहेत गं?"