घड्याळाला रंगसफेदी नको!

दिवाळी आली की भिंतींना रंगसफेदी होते, पितळेची भांडी चिंच लावून घासली जातात आणि माळ्यावरच्या ट्रंकेतून आजोबांचे मनगटी घड्याळ बाहेर निघते. भिंतींबद्दल माझी तक्रार नाही. भांड्यांबद्दल तर मुळीच नाही. परंतु ते घड्याळ घड्याळजीपुढे टाकून 'तबकडी नवी करून द्या' असे सांगणाऱ्या सुशिक्षित मंडळींवर मात्र माझा राग आहे. घरातले जुने खतपत्र मळके दिसते म्हणून आपण त्याच्यावर चुना फासतो काय?

जुने घड्याळ हा दस्तऐवजच असतो, आणि तो वाचता येतो. मागचे झाकण उघडावे, भिंग डोळ्याला लावावे आणि लुकलुक करणाऱ्या तोलचक्राच्या आसपास पाहावे. यंत्र कोणी घडवले त्याची खूण आणि त्या यंत्राचा क्रमांक बहुधा तिथे, पत्र्यावर कोरलेला असतो. तबकडीवर नाव एकाचे आणि आतले यंत्र दुसऱ्याच कारखान्याचे, ही स्वित्झर्लंडची जुनी रीत. तीत लबाडी काही नाही. ए. शिल्डची 'ए. एस.' ही अक्षरे किंवा 'एटा'ची खूण कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या घड्याळांत सापडते. ओमेगा, लाँजिन यांसारख्या घराण्यांनी तर प्रत्येक यंत्रावर चढता अनुक्रमांक घातला. ओमेगाचा एक कोटीच्या घरातला आकडा दिसला की 1940 च्या दशकाचा मध्य आला असे समजावे.

तोलचक्राच्या आसाला धक्क्यापासून जपणारी इन्काब्लॉकची इवलीशी कमान पाहा. तिचा आकार तंतुवाद्यासारखा असतो. ही युक्ती 1933 च्या आधी नव्हतीच. तेव्हा ती मूळचीच असेल, तर ते घड्याळ त्याहून जुने असणे शक्य नाही, मग घरातली वडीलधारी मंडळी काही का सांगेनात.

आता तबकडीकडे या. पूर्वी अंधारात चमकणारे आकडे रेडियमचे असत. (आपल्याकडे सायकलच्या मागे चिकटवलेल्या चमकत्या पट्टीलाही अजून 'रेडियम'च म्हणतात, हे त्या घड्याळांचे देणे.) 1960 च्या दशकात रेडियम मागे पडून ट्रिटियम आले, आणि सहाच्या आकड्याखाली 'स्विस' या शब्दाच्या दोन बाजूंना बारीक 'टी' छापू लागले. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तेही गेले. म्हणजे तळाशी केसाएवढ्या अक्षरांत छापलेली ती दोन 'टी' घड्याळाचा काळ पस्तीस-चाळीस वर्षांच्या चौकटीत आणून बसवतात. आणि रंगारी पहिला ब्रश नेमका तिथेच फिरवतो!

माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी असे घड्याळ होते. पणजोबांनी 1928 साली पहिल्या पगारातून घेतले, अशी घरात ख्याती. उघडून पाहतो तो आत इन्काब्लॉक. आजीबाई खट्टू झाल्या. मात्र झाकणाच्या आतल्या बाजूला कोण्या घड्याळजीने सुईने '8/47' असे ओरखडून ठेवले होते. दुरुस्तीची अशी टाचणे ही मंडळी पूर्वीपासून करीत आली आहेत. घड्याळ 1933 नंतरचे, आणि 1947 च्या ऑगस्टात दुरुस्तीला गेलेले! कुणास ठाऊक, त्या महिन्यात ते कोणाच्या मनगटावर होते. ऐकताच आजींचा रुसवा पळाला. याहून जवळ जाण्यासाठी मी तबकडीकडे वळलो, तर ती गेल्याच वर्षी गडद निळी रंगवून आणलेली. जुना रंग खरवडून काढलेला, नाव जाड अक्षरांत, आणि मिनिटांच्या रेघा बाराच्या खुणेपासून सरकलेल्या. साक्षीदाराची जीभच कापून ठेवली होती.

हा उद्योग इतका फोफावला आहे की परदेशी संग्राहक असल्या रंगवलेल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. ज्या शहरात फाव्हर-ल्यूबाने आणि वेस्ट एंडने घड्याळे विकून नाव कमावले, त्या शहराचे नाव आज या अर्थाने जगभर फिरावे, याची आपल्याला लाज वाटायला हवी. एच. एम. टी.चे हाल तर पाहवत नाहीत. 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला हा कारखाना सुरू झाला आणि पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. सुरुवातीच्या तबकड्यांवर सिटिझनचेही नाव असे. 2016 मध्ये सरकारने कंपनी बंद करायचे ठरवले, आणि तेव्हापासून कारखान्याने स्वप्नातही न पाहिलेल्या पोपटी, नारिंगी 'पायलट' बाजारात उगवू लागल्या आहेत. तबकडीवर 'ऑटोमॅटिक' लिहिलेले आणि आत मात्र रोज चावी द्यायचे सतरा खड्यांचे 0231 यंत्र, असले नमुनेही खपतात. गिऱ्हाईक तोंड बघते, पोट बघत नाही.

"मास्तर, मग गंजके तोंड घेऊन मिरवायचे काय?" असे मला विचारतात. का मिरवू नये? यंत्र साफ करून तेल घाला, स्प्रिंग थकली असेल तर बदला, काच घासून घ्या, पट्टा तर हौसेने नवा घ्या. त्याने काही बिघडत नाही. तबकडीला मात्र हात लावू देऊ नका. पिवळेपणा आला आहे तो तुमच्या माणसाच्या मनगटावर आला आहे.

आणि भाऊबीजेला जुने घड्याळ विकत घेणार असाल, तर किंमत विचारण्यापूर्वी मागचे झाकण आपल्यासमोर उघडायला सांगा. दुकानदाराने टाळाटाळ केली, तर पैसे खिशात ठेवून सरळ बाहेर पडा. सणाच्या गर्दीत त्याला त्याचे फारसे वाईट वाटणार नाही.