शोध कोणी लावला?



‘वास्को-द-गामाने भारताचा शोध लावला’ हे वाक्य आपण सर्रास म्हणतो. मला हे वाक्य पटत नाही. तो १४९८ च्या मे महिन्यात कालिकतजवळ उतरला, तेव्हा इथे राज्ये होती, भरलेले बाजार होते. अरब व्यापाऱ्यांची जहाजे पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करीत होती. समुद्र ओलांडायला त्याने स्वतः आफ्रिकेच्या मालिंदी बंदरातून वाटाड्या घेतला होता. ज्या घरात माणसे नांदताहेत, त्या घराचा शोध पाहुणा कसा लावणार? त्याने युरोपातून इकडे येण्याचा जलमार्ग शोधला. काम मोठे आहे, पण ते तेवढेच आहे.

आता या जलमार्गांनी काय काय झाले ते पाहू. त्यासाठी लांब जायला नको, मुंबईला जाऊ. आपल्या भागातली पुष्कळ माणसे पोटासाठी परळ-लालबागला गेलेली आहेत, त्यामुळे मुंबई आपल्याला परकी नाही.

दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर १९६६ च्या सुमारास वडापाव सुरू झाला, असे सांगतात. या वड्यातला बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या डोंगरातला. मिरचीही अमेरिकेतलीच. पाव पोर्तुगीजांचा, आणि ‘पाव’ हा शब्दसुद्धा त्यांचाच. हरभऱ्याचे पीठ तेवढे आपल्याकडे आधीपासूनचे! १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा महाराष्ट्रात एकाही घरी मिरची नव्हती. तिखटाला मिरी वापरत.

उपासाची तर आणखी गंमत आहे. एकादशीला गिरगावच्या चाळीत काय किंवा आपल्या गावात काय, साबुदाण्याची खिचडी होते. आपला साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, शेंगदाणा, बटाटा, मिरची, सगळे अमेरिकेहून आलेले. पेरू, पपई, अननस, काजू हेसुद्धा तिकडचेच. गिरणगावातला कामगार महिनाभर ज्याची वाट बघायचा तो ‘पगार’ हा शब्दही पोर्तुगीज. म्हणजे समुद्रावरून आलेले आपण नुसते घेतले नाही, तर देवापुढे ठेवण्याइतके आपले केले.

ही झाली गोड बाजू. पण कडू बाजूही सांगितलीच पाहिजे. १४९२ साली कोलंबस अमेरिकेला पोचला. त्याच्यामागून गेलेल्या लोकांबरोबर देवी, गोवर असे रोग गेले. तिथल्या लोकांना ते माहीत नव्हते. गावेच्या गावे ओस पडली. पुढे आफ्रिकेतल्या सुमारे सव्वा कोटी माणसांना बेड्या घालून जहाजात कोंबले आणि ऊस-कापसाच्या शेतात राबवायला अमेरिकेकडे नेले. कितीतरी जण वाटेतच मेले.

मुंबईचे काय झाले? तिची बेटे १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांना दिली. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचे लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरले, तेव्हा ती आंदणात देण्याचा करार झाला. १६६८ साली त्या राजाने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. बेटांवर कोळी होते, आगरी होते, भंडारी होते. त्यांना कोणी एका शब्दाने विचारले का? अहो, म्हैस विकतानासुद्धा आपला माणूस तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. तो हाँगकाँगकडच्या जहाजांतून आला असे मानतात. गोद्यांजवळच्या मांडवी भागात तो आधी दिसला आणि मग पुण्यापर्यंत पोचला. तिथे रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी आपल्या सावित्रीबाई फुले गेल्या. ज्यांच्यामुळे आज आम्ही मुली शाळेत बसतो त्या सावित्रीबाई!

पण औषध घेऊन येणारा माणूसही समुद्रावरूनच आला होता. डॉ. हाफकिन ओदेसाचे. त्यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था. विशेष म्हणजे ती जागा पोर्तुगीज काळात पाद्र्यांची होती.

तर मंडळी, माझे म्हणणे दोन गोष्टींपुरते आहे. एक, ‘शोध लावला’ असे लिहू नये, ‘जलमार्ग शोधला’ असे लिहावे. शब्द छोटा आहे, पण ‘शोध लावला’ म्हटले की आधीपासून राहणारी माणसे पुसली जातात. आणि एकदा माणसे पुसली, की त्यांना न विचारता त्यांची जमीन आंदण देता येते.

दुसरी गोष्ट आपल्या शाळेतली. ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांबरोबर लांबची मुले येतात आणि चार-पाच महिने आपल्या वर्गात बसतात. आपल्यातले काही जण त्यांना ‘बाहेरची’ म्हणतात, डबा खाताना जवळ घेत नाहीत. ज्या डब्यात अमेरिकेचा बटाटा चालतो, त्या डब्याशेजारी शेजारच्या जिल्ह्यातला मुलगा का चालू नये? ती मुलेही स्वतःच्या मर्जीने गाव सोडून आलेली नसतात. बटाट्याला आपण कधी ‘तू कुठला?’ म्हणून हिणवले नाही. माणसालाही हिणवू नये. पालकांनी घरीसुद्धा हे सांगावे, अशी नम्र विनंती आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी