भेग झाकायची की सांधायची?

अब्बांची पद्मिनी आमच्या कोंढव्याच्या सोसायटीत चार वर्षं उभी होती. अब्बा गेल्यापासून तिला हात लावायचं कुणाच्या मनात येत नव्हतं. पण गाडीही अब्बांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेतलीच होती आणि तिच्यात आपाचाही हिस्सा होता. घराची, गाळ्याची वाटणी झाली. गाडीचं मात्र "बघू पुढे" म्हणत राहिलो. आपाने कधी मागितलं नाही. बहिणी मागत नाहीत, म्हणूनच पुष्कळ घरांत असं "बघू"वर राहतं. यंदा तिच्या मुलीची कॉलेजची फी भरायची वेळ आली, तेव्हा अम्मीने आम्हा दोघा भावांना समोर बसवलं आणि एवढंच विचारलं, "गाडीचं काय ठरलं?"

गाडी विकायची ठरली.

गाडी १९७९ ची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. मूळची इटलीची फियाट ११००, आपल्याकडे पद्मिनी झाली. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले होते. जुन्या गाड्यांचे शौकीन आता तिला शोधत येतात. आमच्या गाडीचं इंजिन बरं होतं, स्टिअरिंगजवळचा गिअरही ठीक होता. खटकत होता तो डॅशबोर्ड. पत्र्यावर फोमची गादी आणि तिच्यावर काळं रेक्झिन. त्याला तीन भेगा गेलेल्या. सगळ्यांत मोठी वीतभर लांब, आतला फोम पिवळा पडून भुग्यासारखा गळत होता.

एजंट गाडी बघायला आला. म्हणाला, "वरून कव्हर चिकटवा, तासाचं काम. भेग दिसणार नाही, भाव चांगला येईल." भाईजानला पटलं. अम्मी आतून म्हणाली, "आणि घेणाऱ्याला काय सांगणार?"

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या राशीत हात घालतात आणि आतलं धान्य ओलं लागतं, तो प्रसंग आपण लहानपणापासून ऐकलेला आहे. विक्रेत्याने ओलं धान्य खाली दडवलं होतं. अम्मीने तो प्रसंग सांगितला नाही, सांगायची गरजही पडली नाही. आम्ही गाडी नाना पेठेत नेली.

स्पेअर पार्टच्या त्या गल्ल्यांत कुशनचं काम करणारे एक चाचा आहेत. त्यांनी भेगेत बोट घातलं आणि पहिला प्रश्न केला, "गाडी उन्हात उभी असते ना?" मग कारण समजावलं. रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. उन्हाने ते हळूहळू उडून जातं. जुन्या गाडीच्या काचेवर आतून जो चिकट, धुरकट थर येतो, त्यात हेच द्रव्य असतं. ते उडालं की रेक्झिन कडक होतं, आकसतं आणि जिथे ताण जास्त तिथे, म्हणजे कडेला आणि भोकांजवळ, फाटतं. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तासभर उन्हात ठेवलेल्या बंद गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले आढळले. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांतलं ऊनही काही कमी नाही. म्हणूनच "दोन मिनिटांत येतो" म्हणूनही लेकराला बंद गाडीत ठेवू नये, हे जाता जाता सांगून ठेवतो.

दुरुस्ती आम्ही शेजारी बसून पाहिली, तुमच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. आधी बॅटरीची ऋण वायर काढली. डॅशबोर्डमागच्या प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावून फोटो घेतला. जुन्या गाडीत हे केलं नाही तर जोडताना दिवस जातो. मग गादी सोडवली आणि साबणाच्या पाण्याने, नंतर स्पिरिटने पुसली. अब्बा दर शुक्रवारी तिला चमकवायचं पॉलिश लावत. चाचा म्हणाले, त्या पॉलिशमधलं सिलिकॉन राहिलं तर कुठलाच डिंक धरत नाही.

गादी उचलली तेव्हा खालचा पत्रा दिसला आणि आम्ही गप्प झालो. पुढच्या काचेचं रबरी बीडिंग झिजून पावसाचं पाणी झिरपत होतं. ते भेगेतून फोममध्ये मुरलं होतं आणि पत्रा हातभर गंजला होता. वरून कव्हर चिकटवलं असतं तर पाणी आतच राहिलं असतं आणि एक-दोन पावसाळ्यांत पत्र्याला भोक पडलं असतं, तेही दुसऱ्याच्या घरी.

तारेच्या ब्रशने गंज खरवडला, रेड ऑक्साइड मारलं, बीडिंग नवं बसवलं. त्यानंतर भेगांचं काम. सुटा फोम काढून भेगेच्या कडा तिरप्या कापल्या, म्हणजे भरण्याला धरायला जागा मिळते. आम्ही विचारलं, "लांबी भरायची का?" चाचा हसले. लांबी पत्र्यासाठी, ती कडक होते आणि गादीत भरली तर पहिल्याच उन्हाळ्यात तडकते. इथे सुकल्यावरही वाकेल असा फिलर लागतो. तो दोन थरांत भरला, प्रत्येक थर रात्रभर सुकू दिला. मग पॉलिश पेपर, आधी १२० नंबर, नंतर २४० आणि शेवटी ४००. डोळे मिटून हात फिरवला तर जोड लागू नये, ही त्यांची कसोटी. शेवटी हीट गनने नवं रेक्झिन मऊ करून, ताणून बसवलं. डिंकाचा फवारा उघड्यावर, तोंडाला मास्क लावून मारला.

पूर्ण प्लॅस्टिकच्या डॅशबोर्डला आणखी एक काळजी घ्यावी लागते: भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडावं, म्हणजे ती पुढे पळत नाही. आणि ज्या गाडीत एअरबॅग आहे, तिच्या डॅशबोर्डवर असलं घरगुती काम करू नये, कव्हरही चिकटवू नये. अपघातात एअरबॅगची वाट अडते.

पाच दिवसांनी गाडी घरी आली. डॅशबोर्ड नव्यासारखा दिसत होता. आता भाईजान म्हणाला, "दुरुस्त झालंय, मग जुने फोटो कशाला दाखवायचे?" त्याचं अगदीच चुकीचं नव्हतं. पण फोटो दाखवायचे ठरले.

पहिल्या गिऱ्हाइकाने गंजाचा फोटो पाहिला आणि "कळवतो" म्हणून गेला तो गेलाच. भाईजान दोन दिवस बोलला नाही. दुसऱ्याने पत्र्याखाली टॉर्च मारून पाहिलं, नवं बीडिंग दाबून पाहिलं आणि आठ हजार कमी सांगितले. तो म्हणाला, गाडीला ५० वर्षं झाली की व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी बॉडी, चासी आणि इंजिन मूळ रूपात लागतं, म्हणून काय काय केलं ते त्याला आत्ताच लिहून हवं होतं. आम्ही लिहून दिलं. सौदा झाला.

दुरुस्तीचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेतून अम्मीचा आठवा हिस्सा काढला. राहिलेल्याचे पाच भाग केले, दोन दोन आम्हा भावांचे आणि एक आपाचा. तिचे पैसे त्याच संध्याकाळी पाठवले. तिने फोनवर विचारलं, "इतकी घाई कसली होती?" आम्हाला उत्तर सुचेना. चार वर्षं उशीर झाला होता आणि ती त्यालाच घाई म्हणत होती.

तुमच्या घरीही एखादी जुनी गाडी, शिलाई मशीन, एखादं दुकान असं "बघू पुढे"वर असेल, तर या महिन्यात एकदा उघडून बघा. खाली गंज किती चढलाय, ते वरून दिसत नाही.