थेंब की सुई?

मैत्रिणींनो, जिंतूर-पाथरीकडच्या कितीतरी आज्या ‘डोळ्यात सुई टोचतात’ या धास्तीनं मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवतात. अहो, सुई बुबुळात नाही, डोळ्याच्या बाजूला देतात. मग डोळा बधिर होतो, फारसा हलतही नाही. नुसत्या थेंबांनीही भूल देतात. ही काही नवी श्रीमंती नव्हे. व्हिएन्नाच्या कार्ल कोलरनं 1884 मध्येच थेंबांनी डोळा बधिर केला होता. पण थेंबांनी डोळा हलायचा थांबत नाही, डॉक्टर सांगतील तिथं बघत राहावं लागतं. ऐकू कमी येणाऱ्या, घाबरट आजीला बहुधा सुईच बरी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर थेंब सोयीचे. म्हणून ‘थेंबवालंच भारी’ असा हट्ट नको. सासूबाईंच्या गोळ्या, खोकला, बहिरेपण आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका.