नळीत काय भरलंय ते आधी सांगा!

हल्ली 'नॅनो' हा शब्द पाठ सोडत नाही. गाडीच्या पॉलिशवर नॅनो, पाण्याच्या फिल्टरवर नॅनो, पिकावर मारायच्या बाटलीवरही नॅनो. "यात नॅनो काय आहे?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "साहेब, लेटेस्ट टेक्नॉलॉजी आहे!" झालं तुमचं समाधान? माझं होत नाही. ज्यांनी खरोखर नॅनोचं काम केलं, त्यांची उत्तरं बघा, म्हणजे कळेल.

कार्बन नॅनोट्यूब घ्या. कार्बनच्या अणूंची जाळी गुंडाळून झालेली पोकळ नळी. बारीक नळी साधारण एक-दोन नॅनोमीटर रुंद; नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. १९९१ साली जपानच्या सुमिओ इजिमांनी ती जगापुढे आणली. १९९३ मध्ये त्यांनी आणि पुलिकेल अजयन यांनी (माणूस केरळचा, शिकला बनारसला) या नळ्यांवर शिसं ठेवून हवेत तापवलं. नळीचं तोंड उघडलं आणि वितळलेलं शिशाचं द्रव्य आत ओढलं गेलं. शाळेत शिकलेलं केशाकर्षण, दुसरं काय!

पण वाट्टेल ते आत जातं का? नाही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं, की पृष्ठताण कमी असलेली द्रव्यं आत जातात, जास्त असलेली नाहीत. पाणी जातं, वितळलेलं गंधक जातं, पारा आपणहून जात नाही. म्हणजे काय जमतं आणि काय जमत नाही, दोन्ही छापलं. आपल्याकडच्या किती बाटल्यांवर 'काय जमत नाही' लिहिलेलं असतं?

आत गेल्यावर तर पदार्थाचा स्वभावच बदलतो. पोटॅशियम आयोडाइडच्या स्फटिकात एरवी प्रत्येक अणूला सहा शेजारी असतात. अरुंद नळीत फक्त दोन अणू जाडीचा स्फटिक बनतो आणि शेजारी उरतात चार. मर्क्युरी टेल्युराइड एरवी अर्धधातू, नळीत अर्धवाहक होतं. हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली बघून, मोजून सांगितलेलं आहे.

२०१० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी नळीत किरणोत्सर्गी आयोडाइड भरलं, तोंडं बंद केली आणि उंदरांना टोचलं. मोकळं आयोडाइड थायरॉइडकडे धावतं. इथे ते तिकडे गेलं नाही, नळ्यांबरोबर फुफ्फुसात राहिलं. म्हणजे गळती झाली नाही, याचा पुरावाच मिळाला. आणि ते उंदरांवर आहे, हेही स्पष्ट सांगितलं. आमच्या बिरादरीने मात्र अशा बातमीवर 'कॅन्सरवर रामबाण' असा मथळा ठोकायला कमी करू नये!

कुणी म्हणेल, तुम्ही विज्ञानाच्या विरोधात. उलट आहे राव. विज्ञानाने स्वतःच धोकाही तपासलाय. लांब, ताठ नॅनोट्यूब उंदरांच्या पोटात ॲस्बेस्टॉससारखी इजा करतात, हे २००८ मध्ये छापून आलं. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अशा नळीच्या एका प्रकाराला 'माणसात कर्करोगाची शक्यता' या यादीत टाकलं. सगळ्या प्रकारांना नाही, एकाच. इतकं नेमकं बोलावं लागतं.

आपल्या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानेही २०२० मध्ये शेती आणि अन्नातल्या नॅनो उत्पादनांच्या तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कागद आहे. मग दुकानाच्या काउंटरवर तो का दिसत नाही? तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

तोवर 'नॅनो' दिसलं की तीन प्रश्न विचारा. आत नेमकं काय आहे? ते जिथे पोचायचं तिथेच पोचतं हे कुणी, कशावर तपासलं? आणि काम झाल्यावर उरतं ते मातीत, पाण्यात, छातीत काय करतं? उत्तर आलं नाही, तर पैसे खिशातच ठेवा. आणि बिल मागायला विसरू नका.